साडेसहा किलो

रद्दीवाल्याचा काटा कधी खरा नसतो हे माहीत असूनही मी त्या दिवशी त्याच्याच काट्यावर माझी लोकर तोलून घेतली. पेपर झाले, पुठ्ठे झाले, वरच्या खोलीतल्या मुलींच्या सराव परीक्षांच्या कागदांचा ढीग झाला. तो हुक पिशवीत टाकायला लागला तसं मी म्हटलं, "थांब रे जरा," आणि आतून जुन्या चादरीचं गाठोडं ओढत आणलं.

"साडेसहा किलो. पण काकू, ह्याला भाव नाही भेटायचा."

"विकायचंय कुणाला? किती आहे तेवढं बघायचं होतं."

तो हसला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं आधी गाठोड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि गाडा ढकलत निघून गेला. त्याचा काटा किलोमागं पन्नास-साठ ग्रॅम तरी गिळतो. तेवढे धरले तर माझ्याकडं जवळजवळ सात किलो लोकर होती. सिमल्याला नाही, लातुरात.

आमच्याकडं थंडी पडतच नाही असं नाही. मराठवाड्यात थंडीचा मान परभणीचा. तिथल्या कृषी विद्यापीठात पारा घसरला की आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि मग आम्हीही लातुरात बसून उगीच जरा जास्त कुडकुडतो. पण ती थंडी किती दिवसांची? दिवाळी सरता सरता येते, संक्रांतीचे तीळ संपेपर्यंत टिकते. तेवढ्यातसुद्धा पहाटे मफलर गुंडाळून आलेला दूधवाला दहा वाजता घाम पुसत असतो. पुढं मार्चपासून जे ऊन तापतं, त्यात लोकरीकडं नुसतं बघितलं तरी अंगाला खाज सुटते. अशा गावात बाईनं सात किलो लोकर जमवली, तर तिनं आयुष्यभर केलं काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला पडला.

उत्तर साधं आहे, पण ते विणणारणीलाच पटतं. लोकर रंगवताना एका घाण्याचा रंग दुसऱ्या घाण्यात तंतोतंत उतरत नाही. म्हणून गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबरासोबत लॉटचा नंबरही छापलेला असतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन वेगळ्या लॉटचे गुंडे जुळे भाऊ वाटतात. स्वेटर पुरा होऊन माणूस उन्हात उभा राहिला की पाठीवर आडवी रेघ दिसते. माझ्या धाकट्या दिरांच्या लग्नाआधीच्या स्वेटरला अशी रेघ होती आणि फोटोत ती आजही आहे. एकदा अशी फजिती झाली की बाई जन्मभर एक गुंडा जास्तीचाच घेते. पन्नास ग्रॅमचा एक गुंडा, वर्षाला सरासरी साडेतीन नग, आणि 35 वर्षं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं हा गुणाकार तोंडी केला: सहा किलो सव्वाशे ग्रॅम. उरलेला हिशेब हौसेचा.

तर ठरवलं, दिवाळी ते दिवाळी नवी लोकर आणायची नाही. जे आहे ते विणून संपवायचं. आमचे हे म्हणाले, "लिहून दे." मी कॅलेंडरवर लिहिलं.

मे महिन्यात गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्याच्या शेजारी मी दुसऱ्या चादरीवर सगळे गुंडे मांडले. शेजारच्या अक्का कठड्यावरून डोकावल्या. "काय वं, लोकरीचे पापड करायलीस का?" ऊन दाखवणं गरजेचंच होतं. डांबर गोळ्या घातल्या होत्या, तरी एका पिशवीत कसर लागली होती. वरून गुंडा चांगला दिसायचा, टोक धरून ओढलं की वीत-वीत लांबीचे तुकडे हातात यायचे. कसर खऱ्या लोकरीलाच लागते, ॲक्रिलिकला ती तोंड लावत नाही. त्यामुळं किड्यानं माझं अर्धं काम केलं, कुठली लोकर खरी ते त्यानंच दाखवलं. बाकीच्यांसाठी मी देवघरातली काडेपेटी घेतली. प्रत्येक गुंड्याचं बोटभर टोक चिमट्यात धरून पेटवायचं. खरी लोकर अनिच्छेनं जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक भरभर पेटतं, वितळतं, आणि थंड झाल्यावर टोकाला काळा कडक मणी राहतो. दुपारभर हा उद्योग चालला. जन्मभर 'प्युअर' म्हणून मिरवलेल्या एका मोरपंखी लोकरीचा मणी झाला तेव्हा मला वाईट वाटलं. दुकानदार केव्हाच गेला, आता भांडायचं कुणाशी?

ही विभागणी उगीच केली नव्हती. खरी लोकर गरम पाण्यात आटते आणि तिची वीण नमद्यासारखी घट्ट होते, म्हणून ती ॲक्रिलिकशी एका कपड्यात नांदत नाही. जोडायला मात्र तीच बरी. दोन्ही टोकं जरा पिंजायची, एकमेकांवर ठेवायची, तळहातावर थुंकी लावून जोरात चोळायची. टोकं एकजीव होतात, गाठ लागत नाही. थुंकी या शब्दानं तोंड वाकडं करणाऱ्यांनी पाणी लावावं. ॲक्रिलिकला असली माया नाही. तिथं गाठ मारा आणि टोकं सुईनं आत गुंतवत बसा.

एक निळं-पांढरं बोचकं निघालं ते मुलाच्या शाळेच्या स्वेटरांचं. उसवून ठेवलेले, धुवायचे राहिलेले. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून न पिळता वाळत टाकायची आणि खाली वजन लटकवायचं, तेव्हा ती सरळ होते. हे स्वेटर मी 2016 च्या उन्हाळ्यात उसवले होते. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. भांडी घासलेलं पाणी आम्ही संडासात वापरत होतो. त्या दिवसांत लोकर धुते म्हटलं असतं तर ह्यांनी मला माहेरी पाठवलं असतं. मग ते बोचकं तसंच राहिलं.

आता विणायचं काय? इथं माझं एक ठाम मत आहे. लोकर संपवायची म्हणून जी वस्तू केली जाते, ती घरात लोकरीपेक्षा जास्त जागा खाते. आमच्या तरुणपणी प्रत्येक वस्तूला अंगरखा घालायची साथ आली होती. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रेडिओवर रुमाल, फ्रिजच्या दांड्याला लोकरीची नळी, फोनला झालरीचं आसन. हळदी-कुंकवाला गेलं की आधी फ्रिजचा दांडा बघायचा. मीही केलंय, नाकारत नाही. आता मोबाइलवर बघते तर लोक पाण्याच्या बाटलीला स्वेटर विणतात. आपल्याकडं बाटली थंड ठेवायची तर ओलं फडकं गुंडाळतात. बाटलीला लोकर कशाला?

मला आठवली ती आत्याबाईंची वाकळ. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या वाकळ शिवायला बसल्या की आधी काही ठरवत नसत. जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतराचे पदर, मध्ये फाटकी परकर-पोलकी, वरून चांगल्यातलं एक लुगडं, आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. अंगठ्याएवढं अंतर सोडून दुसरी ओळ, मग तिसरी. "आत्याबाई, हा हिरवा तुकडा इथं बरा दिसत नाही," असं मी नवी नवरी असताना म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "दिसायला नसतंय ते. तिथं भोक होतं."

तर वाकळीसारखंच करायचं ठरवलं, चौकोन जोडून. त्याची युक्ती अशी. गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. सुईवर एकच टाका घ्यायचा. सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट विणायच्या, आणि प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जायचं. त्रिकोण मोठा मोठा होत जातो. काट्यावर गुंड्याचं वजन निम्म्यावर आलं की त्या सुईपासून उलटा प्रवास, प्रत्येक सुईच्या सुरुवातीला दोन टाके जोडीनं विणून एक कमी करायचा. शेवटचा टाका उरतो तेव्हा लोकरही संपलेली असते आणि हातात तिरप्या विणीचा चौकोन असतो. टाके मोजायचे नाहीत, नमुना बघायचा नाही. चार प्लायच्या, म्हणजे चार पदरी, लोकरीच्या 25 ग्रॅमचा बरोबर वीतभर चौकोन होतो. मी पाच आडवे, सात उभे असे 35 केले. त्यात दिरांच्या स्वेटरची लोकर आहे, मुलाच्या शाळेची निळी आहे, मणी झालेली मोरपंखी आहे.

आणि जोडायला? जोडायला एकच रंग लागतो, नाहीतर डोळे गरगरतात. माझ्याकडं पांढरी पुरेशी नव्हती. गंजगोलाईला 16 रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावर मी तोंड लपवून गेले आणि मोतिया रंगाचे पाच गुंडे घेतले. दुकानदार म्हणाला, "काकू, एक जास्तीचा देऊ का? लॉट संपत आलाय."

सहा घेतले. कॅलेंडरचं ते पान मी उलटून टाकलं.

एवढं करून त्या पांघरुणात किलोभर लोकर गेली. अजून सहा शिल्लक. आणि इथं मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं विणून कळली नव्हती. आतापर्यंत माझ्या विणकामात आधी माणूस असायचा, मग लोकर. भाचीला दिवस गेले की बाळंतविडा: टोपडं, कुंची, झबलं, पायमोजे. ह्यांची सर्दी वाढली की कानटोपी. माणूस ठरलेला, त्याचं माप ठरलेलं, मग दुकान. आता लोकर आधी हातात आणि माणूस शोधायचा. माझ्याकडं साठ ग्रॅम गडद जांभळी आहे, तर कुणाचं डोकं उघडं आहे? मग मी सकाळी फाटकात उभी राहून लोकांची डोकी बघायला लागले. पेपरवाला पोरगा कानाला रुमाल बांधतो. समोरच्या अपार्टमेंटचा वॉचमन रात्री पोत्यावर बसतो, त्याच्या पायात मोजे नाहीत. भाजीवाल्या मावशी पहाटे अडतीतून येतात, त्यांचा पदर ओला असतो. ही माणसं मी रोज बघत होते. मापं पहिल्यांदा बघितली. वॉचमनच्या पायाचं माप मी त्याच्या चपलेवर दोरा ठेवून चोरून घेतलं.

सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरना विचारलं, तर त्यांनी टोपडी मागितली. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, म्हणून ऊब तिथूनच जास्त निसटते. कमी वजनाच्या बाळाला तर टोपडं हवंच. एकाला 15 ते 20 ग्रॅम पुरते. सिस्टरनी सूचना मात्र परीक्षकासारख्या दिल्या: मऊ ॲक्रिलिक चालेल, खरी लोकर टोचते. गळ्याशी बंद नको. वर गोंडा नको. आतली टोकं पक्की गुंतवा, बाळाच्या बोटात धागा अडकतो. मी नेलेली पहिली पाच गोंड्यांची होती. त्यांनी कात्री दिली. तिथंच बसून पाचही गोंडे कापले. पुढची चाळीस बिनगोंड्याची केली.

घोंगडीच्या लोकरीची एक काळी लडी होती, ती कुठंच बसेना. माझ्या वडिलांच्या शेतात दिवाळीनंतर धनगर मेंढ्या बसवायचे. रात्रभर मेंढ्या वावरात बसल्या की खत आपोआप पडतं. त्यातल्या एका आजीनं ही हातानं कातलेली लडी आईला दिली होती. दख्खनी मेंढीची लोकर ती, राठ, चुलीतल्या धुरासारखा आणि पावसात भिजलेल्या जनावरासारखा वास. तिची घोंगडी करताना ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, तेव्हा ती कडक उभी राहते. गळ्याशी घातली तर माणूस ओरबाडून निघेल. शेवटी मी तिच्या चुंबळी केल्या. जाड सुईवर लांब पट्टी विणायची, वेटोळं करून शिवायचं. डोक्यावर पाणी आणायचे दिवस गेले, पण माठाखाली ठेवायला चुंबळीसारखं काही नाही. माठ डुगडुगत नाही, फरशी ओली होत नाही. उरलेली पिंजून सुया टोचायच्या उशीत भरली. त्या लोकरीत अंगचा तेलकटपणा असतो, सुईला गंज चढत नाही.

एक गुंडा मी दर वेळी चादरीच्या कोपऱ्यात सरकवत होते. विटकरी, खरी लोकर, जाळून बघायची गरज नव्हती.

30 सप्टेंबर 1993 ला मी औसा तालुक्यातल्या एका शाळेवर होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं ते पुन्हा सांगत नाही. किल्लारी म्हटलं की आमच्याकडं पुढं कुणी काही विचारत नाही. माळवदाची घरं, हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती. ऊन-थंडीला जी घरं चांगली, तीच अंगावर आली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मग ट्रक यायला लागले, धान्याचे आणि जुन्या कपड्यांचे. कुठल्या कुठल्या गावांतून. कपड्यांचे ढीग लागले. त्यात कोट होते, साहेबी पँटी होत्या, मोठ्या मापाचे स्वेटर होते. त्या हिवाळ्यात शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. सकाळी पत्र्याला आतून दव धरायचं आणि पोरांच्या पाटीवर थेंब पडायचे. मोठ्या बाई म्हणाल्या, हे स्वेटर इथं कुणाला येणार? उसवू या. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी उसवायचो आणि घरी जाऊन कानटोप्या विणायचो.

एक विटकरी स्वेटर पुरुषाचा होता. कोपरावर कुणीतरी फार बारीक रफू केलेलं होतं, थोड्या गडद धाग्यानं. उसवत त्या जागी आलं की धागा तुटायचा. मी थुंकी लावून जोडायची. त्या स्वेटरच्या पाच टोप्या झाल्या आणि एवढा गुंडा उरला. सहाव्या टोपीला पुरेल की नाही असा. तेवढ्यात माझी बदली झाली.

डिसेंबरात वरच्या खोलीतली मुलगी खाली आली. हिंगोली जिल्ह्यातली आहे, नीटचं दुसरं वर्ष. पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसते. "काकू, बोटं उघडी राहतील असे हातमोजे येतात का तुम्हाला? पेन धरवत नाही." मी गाठोडं पुढं केलं. जांभळी, करडी, गुलाबी, एवढं सगळं सोडून तिनं कोपऱ्यात हात घातला. "ही."

मी म्हटलं, ती थोडीच आहे. ती म्हणाली, मग माझे हातही लहानच आहेत.

तोलली. 43 ग्रॅम. नऊ नंबरच्या सुया घेतल्या. आपल्याकडं सुयांचं गणित उलटं, नंबर वाढला की सुई बारीक होते. मनगटाला एक सुलट एक उलट, वर साधी वीण, अंगठ्याला फट. पहिला पुरा झाला तेव्हा काट्यावर 22 आले. उरली 21. शाळेतल्या पोराला हे गणित घातलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, बाई, पुरत नाही. बाईंनी तरी विणलं. धाग्यात जुने जोड बोटाला लागत होते, जरा जाड. शेवटाकडं मी प्रत्येक सुईआधी धागा अंथरून बघत होते. एक सुई विणायला रुंदीच्या तिप्पट धागा लागतो. पाच सुया बाकी, चार बाकी. तीन बाकी असताना धागा तिपटीत बसेना.

वरच्या कडेच्या तीन सुया करड्यानं पुऱ्या केल्या. ती ह्यांच्या स्वेटरची. मुलीनं दोन्ही हात घालून समोर धरले.

"काकू, हे करडं डिझाइन आहे का?"

"हाव. डिझाइनच आहे."

"मग ह्या हातावर कामून नाही?"

बरोबर होतं तिचं. पहिल्याच्याही तीन सुया उसवल्या आणि तिथंही करडी लावली. विटकरीचा चारेक हात तुकडा परत माझ्याकडं आला. बोटाभोवती गुंडाळला, काट्यावर ठेवला. काट्यानं शून्य दाखवलं.